स्लाइम, सायझिंग आणि माझं राहिलेलं शास्त्र



मे महिना सगळा नातवंडांत गेला. उन्हाळी वाळवणावर लिहीन असं मागच्या वेळी म्हटलं होतं, ते राहिलं. पापड लाटायला बसले की कुणीतरी येऊन लाटीच पळवायचं. त्यामुळे या वेळी वाळवणाऐवजी स्लाइमबद्दल लिहिते. ज्यांच्या घरात आठ ते बारा वर्षांचं मूल आहे त्यांना स्लाइम म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. शेंबडासारखा (क्षमा असावी, पण दुसरा शब्द नाही) लिबलिबीत गोळा, ताणला तर हातभर लांबतो, सोडला तर पुन्हा गोळा होतो. मुलं तो तासन्‌तास कुस्करत बसतात.

थोरली नात अकरा वर्षांची आहे, पुण्याला असते. येताना ती वाढदिवसाला मिळालेलं स्लाइमचं खोकं घेऊन आली. मी सवयीने खोकं उलटं करून बघितलं. आपल्याकडे बायकांना डब्यावरचे आकडे वाचायची सवय असतेच. १२० दिसला की तो लाल रंग किड्यांपासूनचा, ४२८ म्हणजे जिलेटिन, ४१२ म्हणजे आपली गवार, तो चालतो. खोक्यावर काहीच नव्हतं. खाण्याच्या वस्तूवर हिरवा ठिपका असतो, खेळण्यावर कुठला असायला! नातीने मोबाइलवर कृती शोधून दाखवल्या, त्यातल्या एकीत सरळ जिलेटिनच होतं. जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांचं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. मी म्हटलं, "हे खोकं राहू दे. आपण घरी करू. काय घालतोय ते तरी आपल्याला माहीत असेल."

म्हटलं खरं, पण मला त्यातलं काही येत नव्हतं. मी बी.कॉम.

नातीने कृती वाचली. पांढरा गम आणि बोरॅक्स, दोनच वस्तू. गम घरात होता, फेविकॉलची पिळायची बाटली. पूर्वी सुतार सरस वापरायचे, तो जनावरांच्या हाडा-कातड्याचा. चुलीवर शिजवायला लागायचा आणि वास आळीभर सुटायचा. फेविकॉल १९५९ साली आलं आणि ते शिजवणं हळूहळू बंद झालं. माझ्या सासूबाई दाराच्या चौकटीलासुद्धा सरस लावू द्यायच्या नाहीत, खिळे मारा म्हणायच्या. त्यामुळे गमाबद्दल शंका नव्हती. बोरॅक्स म्हणजे काय ते मात्र मला कळेना. सुनेला विचारलं. ती फार्मसी शिकलेली आहे. ती म्हणाली, "आई, बोरॅक्स म्हणजे टाकणखार."

टाकणखार! मग काय, ओळखीचाच निघाला. माझी आई टाकणखार तव्यावर फुलवून त्याची लाही करायची आणि तोंड आलं की बोटाने लावायची. शेजारी तो मधातून लावायचे. आपल्यात मध वर्ज्य, म्हणून आमच्याकडे तुपातून. (आता लहान मुलांना तो तोंडात लावू नये असं डॉक्टर सांगतात, तेव्हा ही आठवण फक्त आठवण म्हणून वाचा.) सोनार डाग देताना वापरतो तोही हाच. संध्याकाळी काष्ठौषधीच्या दुकानात गेले आणि पन्नास ग्रॅम मागितला. दुकानदाराने पुडी बांधता बांधता विचारलं, "झुरळांसाठी का वहिनी?"

मी म्हटलं, "नाही हो, नातीसाठी."

त्याने माझ्याकडे बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीतून आल्यावर आम्ही स्वयंपाकघराबाहेरच्या ओट्यावर बसलो. स्वयंपाकाचं एकही भांडं घ्यायचं नाही, ही माझी अट. दोन जुने प्लास्टिकचे वाडगे, एक मोडका चमचा. अर्धा कप कोमट पाण्यात अर्धा चमचा टाकणखार मी स्वतः विरघळवला, नातीला पुडीला हात लावू दिला नाही. दुसऱ्या वाडग्यात चार चमचे गम आणि चार चमचे पाणी. दुधासारखं पातळ झालं. मग नातीने टाकणखाराचं पाणी एकेक चमचा घालायचं आणि ढवळायचं.

पहिल्या चमच्याला फक्त गुठळ्या. दुसऱ्याला तारा सुटायला लागल्या, जिलबीचा पाक बघताना बोटांत सुटतात तशा. तिसऱ्या चमच्याला वाडग्यातला सगळा ऐवज एकदम चमच्याभोवती गोळा झाला आणि वाडग्याच्या कडेपासून सुटला. नात ओरडली. मीही ओरडले, आतून हे बघायला आले.

मला कळेना की दोन पातळ पाणी एकत्र केल्यावर घट्ट गोळा कसा होतो. आटवलं नाही, गार केलं नाही, पीठ लावलं नाही. मुलाला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "आई, गमात लांबलचक रेणू असतात. एकच तुकडा हजारो वेळा एकापुढे एक जोडलेला. ते सुट्या धाग्यांसारखे एकमेकांवरून घसरतात, म्हणून गम वाहतो. टाकणखार त्या धाग्यांना मध्ये मध्ये गाठी मारतो. पण गाठी कच्च्या असतात, सुटतात आणि पुन्हा बसतात. हळू ताणलंस तर सुटायला-बसायला वेळ मिळतो, म्हणून लांबतं. झटका दिलास तर तुटतं." आम्ही झटका देऊन बघितला. कट्‌ करून तुटलं. हळू ओढलं, ओट्यापासून जमिनीपर्यंत लोंबलं.

"आणि त्या लांब रेणूचं नाव काय?" नातीने विचारलं.

"फेविकॉलमध्ये पॉलिव्हिनिल ॲसिटेट असतं, आणि त्याच्या जोडीला पॉलिव्हिनिल अल्कोहोल. गाठी बसतात त्या या दुसऱ्याला. पीव्हीए म्हणतात."

अल्कोहोल म्हटल्यावर मी आधी दचकले. मद्याशी त्याचा काही संबंध नाही, नुसतं रसायनाचं कूळनाव आहे, असं त्याने सांगितलं. ते मी लगेच मानलं, कारण माझं लक्ष दुसऱ्याच अक्षरांवर होतं. पीव्हीए. ही तीन अक्षरं मी माझ्या हाताने शेकडो वेळा लिहिली आहेत.

माझं माहेर इचलकरंजी. तिथे पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि मग सगळं गावच मागावर चढलं. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, भागीदारीत सायझिंग होती. सायझिंग म्हणजे काय ते माग न पाहिलेल्यांना सांगते. मागावर उभं सूत सारखं घासतं, ताणलं जातं. कच्चं सूत तसंच चढवलं तर पिंजतं आणि तुटतं. म्हणून आधी शेकडो सुतं शेजारी शेजारी धरून खळीतून काढतात, वाळवतात आणि बीमावर गुंडाळतात. खळ सुताला वरून लपेटते, त्याची उडालेली कुसं खाली बसवते. कापड विणून झालं की ती धुऊन टाकायची. आपण सुती साडीला भाताच्या पेजेची खळ देतो तशीच ही, फक्त भट्टीवर मोठ्या टाकीत शिजवलेली.

१९८२ ला बी.कॉम. झाले आणि लग्न होईपर्यंत तीन वर्षं सायझिंगची खतावणी मी लिहिली. कच्च्या मालाचं पान मला अजून तोंडपाठ आहे. मका स्टार्च, चिंचोका पावडर, गवार गम, आणि पॉलिएस्टर मिसळलेलं सूत यायला लागल्यावर पीव्हीए, इतकी पोती, अमुक दर. मी दर ताडून बघायचे, बिलावर खूण करायचे आणि पुढच्या पानावर जायचे. पोत्यात नक्की काय आहे हे विचारावंसं वाटलं नाही असं नाही. एकदा विचारलं होतं. खळ शिजवणारा कामगार म्हणाला, "ताई, पावडर आहे." त्याचं बरोबरच होतं.

आता कळलं की ते सगळं पान म्हणजे पॉलिमरची यादी होती. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची माळ. चिंचोका तेच, गवार तेच. नातीच्या दहावीतल्या आतेभावाच्या पुस्तकात याला 'बहुवारिके' म्हटलंय, चांगला शब्द आहे. शंभर वर्षांपूर्वी हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने असे लांब रेणू असतात असं १९२० मध्ये सांगितलं, तेव्हा मोठमोठ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. १९५३ ला त्यालाच नोबेल मिळालं. आणि ती गवार! १९७६ मध्ये अमेरिकेत मॅटेल कंपनीने पहिल्यांदा स्लाइम नावाचं खेळणं विकायला आणलं, ते हिरव्या कचऱ्याच्या डबीत, आणि ते होतं गवार गम आणि टाकणखाराचं. म्हणजे आपली भाजीची गवार. तेलविहिरींत खडक फोडायला जे पाणी दाबून सोडतात तेही गवार गमाने घट्ट करतात, म्हणून २०१२ ला गवारीचे भाव इतके चढले की वायदेबाजारच बंद ठेवावा लागला. हे मात्र मला आधीपासून माहीत होतं. कॉमर्सवाल्यांना काहीच माहीत नसतं असं समजू नये.

त्याच खतावणीत एक ओळ नव्हती, तिच्याबद्दलही लिहायला हवं. खळीत सुताला मऊपणा यावा म्हणून पूर्वी सर्रास चरबी घालत. टॅलो म्हणायचे, मेंढ्या-बकऱ्यांची. अण्णांनी ती आत येऊ दिली नाही. त्याऐवजी टर्की रेड ऑइल वापरायचे. त्या नावाने आजीला घोर लागला होता, टर्की म्हणजे कोंबडीसारखा पक्षी असतो म्हणून. अण्णांनी तिला समजावलं की हे एरंडेलच आहे, प्रक्रिया केलेलं. तुर्कस्थानी लाल रंगात कापड रंगवायला वापरायचे, म्हणून ते नाव पडलं. तरी एक मोठा मागवाला सोडून गेलाच. तुमच्या बीमावर सूत जास्त तुटतं म्हणाला. अण्णा घरी येऊन एवढंच बोलले, "तुटू दे." त्या वर्षीची जमा मीच लिहिली होती, म्हणून ते दोन शब्द किती रुपयांना पडले ते मला पक्कं माहीत आहे.

मी हे सगळं नातीला सांगत होते, हातात स्लाइम. ती म्हणाली, "आजी, तुला एवढं आवडतं तर तू सायन्स का नाही घेतलंस?"

आमच्या वेळी शाळेत विज्ञानाला 'शास्त्र' म्हणायचे. आणि आपल्या घरांत शास्त्र म्हणजे बस्तीत चौरंगावर ठेवलेलं, स्वाध्यायाचं. मी १९७७ ला दहावी झाले. शास्त्रात वर्गात पहिली होते. निकालाच्या दिवशी आजीच्या पाया पडले आणि म्हटलं, मला पुढे शास्त्र शिकायचंय. आजीचा चेहरा इतका उजळला! तिला वाटलं नात आता ग्रंथ वाचणार. खरं काय ते कळलं ते चार दिवसांनी. शेजारचा मुलगा सायन्सला होता, तो त्याचं जर्नल घेऊन आला होता. आजीने पान उलटलं तर बेडूक. चारही पाय टाचण्यांनी ताणून बसवलेला, पोट उघडं. खाली त्याने सुबक अक्षरांत नावं दिली होती. आजीने विचारलं, "हे बघून काढलंस का?" तो बिचारा अभिमानाने म्हणाला, "हो आजी, मी स्वतः कापला."

आजीने जर्नल मिटलं. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉमर्सचा फॉर्म आणला.

त्यात एक गोष्ट अशी आहे की मी ती फारशी कुणाला सांगत नाही. जीवशास्त्र सोडून गणित घेऊनही सायन्स करता येतं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आजीला नाही, अण्णांना नाही, मलाही नाही. मला ते कळलं एस.वाय.ला असताना, एका मैत्रिणीच्या बहिणीकडून. त्या दिवशी घरी येऊन मी कुणालाही काही न बोलता गच्चीवर जाऊन बसले होते. कुणी अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे नुसती माहिती नव्हती.

आणि हेही खरं की मी तेव्हा तो बेडूक कापला नसता, आजही कापणार नाही. आता तर विद्यापीठ अनुदान आयोगानेच प्राणिशास्त्राच्या अभ्यासातलं विच्छेदन बंद करायला लावलं आहे. आजी असती तर म्हणाली असती, उशिरा का होईना.

नात सगळं ऐकून म्हणाली, "बॅड लक, आजी." आणि पुन्हा स्लाइम ताणायला लागली. मुलांचं हे बरं असतं.

त्याच दिवशी दुपारी गडबड झाली. धाकटा नातू चार वर्षांचा. आम्ही जरा लवंडलो होतो, त्याने ओट्यावरचा गोळा उचलला आणि तोंडाकडे नेला. सून तिथेच होती म्हणून वेळेवर हात धरला. तोंडात गेलं नाही, पण ती खूप घाबरली आणि चिडलीही. ती माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलत नाही, तेव्हा बोलली. "आई, टाकणखार पोटात गेला तर चांगला नसतो. युरोपात अशा चिकट खेळण्यांतून किती बोरॉन बाहेर यावं याला कायद्याने मर्यादा आहे, किलोला ३०० मिलिग्रॅम. आपण मोडक्या चमच्याने मोजतोय!"

ती बरोबर होती. माझं चुकलं होतं. खोक्यावर काय लिहिलेलं नाही ते मी तपासलं, आणि स्वतः केलेलं मात्र लहान मूल घरात असताना उघड्यावर ठेवलं. पुडी कपाटात कुलपात गेली. नियम ठरले. टाकणखाराचं स्लाइम फक्त थोरलीने, मोठं माणूस समोर असताना, हाताला कापलं-खरचटलं नसताना. झालं की साबणाने हात धुवायचे, आणि गोळा झाकणाच्या डब्यात उंचावर.

पण धाकट्याने रडून घर डोक्यावर घेतलं, त्यालाही हवं. तेव्हा सुनेनेच तोड काढली, आणि ती आमच्या घरातच होती. इसबगोल. हे रोज घेतात (आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत, त्यामुळे जाहिरातीतल्यासारखं झोपताना नाही). एक चमचा इसबगोल, एक वाटी गाळलेलं पाणी, मंद आचेवर ढवळत शिजवायचं. उकळी आली की उतरवायचं, निवू द्यायचं, पुन्हा शिजवायचं. असं पाच-सहा वेळा. दर वेळी घट्ट होत जातं. शेवटी थंड झाल्यावर जो गोळा निघतो तो थलथलीत, गुळगुळीत, पाणचट रंगाचा. बोरॅक्सच्या स्लाइमइतका लांबत नाही, पण ताणला जातो, आणि मुख्य म्हणजे चुकून चिमूटभर तोंडात गेला तर घाबरायचं कारण नाही. तरी सवय नको म्हणून खायचा नाही हेच सांगितलं. रंगाला चिमूटभर हळद. सांगलीत राहून हळदीची काय कमी! हात पिवळे झाले, भिंतही थोडी झाली.

कपड्यांबद्दल एक सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. गमाचं स्लाइम माझ्या पूजेच्या सुती साडीला चिकटलं, वाळून कडक झालं. सगळीकडे लिहिलंय व्हिनेगर लावा. व्हिनेगर आंबवलेलं, आपल्या घरात कुठून असणार! मी लिंबू पिळलं. आंबटाने त्या टाकणखाराच्या गाठी सुटतात, मग गरम पाण्याने गम निघून जातो. साडी स्वच्छ झाली. कापडातली पीव्हीएची खळ काढायलाही गरम पाणीच वापरायचे, हे मला साडी चोळता चोळता आठवलं. आणि उरलेलं स्लाइम मोरीत टाकू नका, तिथेच पुन्हा गोळा होऊन बसतं. कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या.

मग पुढचे आठ दिवस आमचं रीतसर काम सुरू झालं. मी कपाटातून एक कोरी खतावणी काढली आणि रकाने आखून दिले. हे मला येतं. गम तेवढाच, पाणी तेवढंच, टाकणखाराच्या पाण्याचे चमचे मात्र बदलायचे. प्रत्येक गोळा तीनदा ताणायचा, कुठे तुटतो ते पट्टीने इंचात मोजायचं, तिन्हींची सरासरी. दोन चमच्यांचा मोजताच आला नाही, ओघळून गेला. तीन चमच्यांचा एकतीस इंच. चारचा बावीस. पाचचा नऊ. सहाचा जेमतेम चार, रबराच्या चेंडूसारखा टणक. नातीने सहाव्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'गाठी फार झाल्या.'

एकदा पुरणपोळीची कणीक तिंबताना मी तिला लाडूएवढा उंडा दिला आणि पातेल्यात पाणी घेऊन त्यात चोळून धुवायला सांगितला. पांढरं पाणी निघत राहिलं आणि हातात राहिला एक पिवळट, चिवट, रबरासारखा तुकडा. तेही पॉलिमर, गव्हातलं ग्लुटेन. पुरणपोळी फाटत नाही ती त्याच्या जिवावर. अन्नाशी खेळायचं नाही हा आमच्या घरचा नियम, म्हणून ते पांढरं पाणी मी फेकू दिलं नाही. गॅसवर ठेवून ढवळलं, पारदर्शक झालं. "हीच खळ," मी म्हटलं. त्यात माझी एक साडी बुडवून वाळवली. नात वाळलेल्या साडीचा पदर कितीतरी वेळ दोन बोटांत धरून कडकड वाजवत होती.

इथपर्यंत सगळं छान होतं. जायच्या तीन दिवस आधी ती म्हणाली, "आजी, आता शेवटचा प्रयोग. इसबगोलाचे दोन गोळे करायचे. एक फ्रिजमध्ये, एक बाहेर. रोज मोजायचं, आणि बुरशी किती दिवसांनी येते ते लिहायचं."

मी लगेच म्हटलं, "नाही. ते नको."

"का?"

आता तुम्हाला माहीत आहे का ते. आपल्याकडे दळलेल्या पिठालासुद्धा मर्यादा, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. ओलं शिजवलेलं तर त्याच दिवशी संपवायचं. जीव पडू द्यायचे, ते मोजायचे आणि मग फेकायचे, हे माझ्या हातून होणार नाही. मी तिला तसं सांगितलं, जितकं नीट सांगता येईल तितकं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुझ्या आजीनेपण असंच केलं होतं ना?"

तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. नुसतं विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. रात्री झोप लागली नाही. बेडूक वेगळा, बुरशी वेगळी, असं मी स्वतःला सांगत होते. पण आजीलाही तिच्या जागी तिचं अगदी बरोबर वाटत असणार, आणि होतंही. आणि अण्णांचं ते 'तुटू दे', ज्याचा मला इतका अभिमान आहे, तेही त्याच मुळातून आलेलं. एक घ्यायचं आणि दुसऱ्यावर रुसायचं, हे मी पन्नास वर्षं करत आले आहे.

सकाळी मी माझ्या घरात तो प्रयोग करू दिला नाहीच. त्यात काही बदल झाला नाही. पण निघायच्या दिवशी नातीला इसबगोलाची पुडी, शिजवायची कृती आणि ती खतावणी बांधून दिली. सुनेला म्हटलं, "तुझ्या घरात काय करायचं ते तुम्ही मायलेकी ठरवा. मी विचारणार नाही." सून काही बोलली नाही, खतावणी तिने कपड्यांच्या मध्ये घालून बॅगेत ठेवली.

मी खरंच विचारलं नाही. परवा नातीनेच पानाचा फोटो पाठवला. माझ्या रकान्यांपुढे तिने तिचे दोन वाढवले होते, 'वास' आणि 'रंग'. बाहेरचा गोळा, पाचव्या दिवशी बुरशी. आणि खाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत, 'सहाव्या दिवशी कुंडीत मातीखाली ठेवला. मारला नाही.'

मी चष्मा लावून सगळं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. चौथ्या दिवसाची सरासरी चुकली होती, सात, आठ आणि सहाची तिने साडेसात लिहिली होती. तेवढी तिला फोन करून दुरुस्त करायला सांगितली.